दोन खलाशी आणि एक देव

“काळा खलाशी, जोसेफ,” दिवेकर सर म्हणाले आणि हातातल्या कागदावरून मान वर न करता पुढच्या ओळीकडे वळले. “गोरा खलाशी...”

“नको, सर,” मागच्या बाकावरून जोसेफ म्हणाला.

“काय नको?”

“काळा खलाशी नको. मला देव पाहिजे.”

सरांनी चष्मा काढला. एम.ए.च्या वर्गात कुणाला अशी ओढ लागलेली त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. “तो आपल्या सगळ्यांनाच पाहिजे, जोसेफ,” ते हळुवारपणे म्हणाले.

“तसा नाही, सर. नाटकातला. देवाचं काम.”

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. ही कविता त्यांच्या फार जिव्हाळ्याची होती.

गोष्ट त्र्याऐंशी सालची, पुण्यातली. आम्ही इंग्रजी घेऊन एम.ए. करत होतो आणि दिवेकर सर आम्हाला रोमँटिक कवी शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, कविता वाचायला लागले की तिसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज कापायचा आणि पाचव्याला रुमाल बाहेर यायचा. मोठमोठ्या कवींवर रडून झाल्यावर त्यांना कुठल्याशा जुन्या संग्रहात एक कवी सापडला होता. सरांशिवाय पुण्यात कुणी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. त्याच्या एका लांबलचक कवितेचा सरांनी मराठीत अनुवाद केला होता आणि स्नेहसंमेलनात त्याचं नाट्यरूप करायचं ठरवलं होतं.

कवितेत एक जहाज बुडतं. एक गोरा खलाशी आणि एक काळा गुलाम खलाशी एकाच फळीला धरून मरतात आणि स्वर्गाच्या दाराशी एकत्रच पोचतात. दारावरच्या देवदूताला कळत नाही की यातला गोरा कोण आणि काळा कोण, कारण दोघंही समुद्राने आणि धुक्याने सारखेच भिजलेले. शेवटी आतून देवाचाच आवाज येतो आणि तो दोघांना पोटाशी घेतो. गुलामांचा व्यापार चालू असतानाच्या काळात एका इंग्रजाने हे लिहिलं, असं सांगताना सरांचा रुमाल पुन्हा बाहेर आला होता.

“अरे, पण देव पडद्यामागे आहे,” सर जोसेफला म्हणाले. “तो दिसत नाही. नुसता आवाज.”

“मग अडचण काय?” जोसेफने विचारलं.

सरांनी कागदावर खाडाखोड करून देवापुढे ‘जोसेफ ओटिएनो’ असं लिहिलं. जोसेफ केनियाचा. पुण्यात तीन वर्षं काढलेली. मराठी धडाधड बोलायचा. लिंगांची गल्लत व्हायची, पण ती आमच्या इंग्रजीत व्हायची तेवढीच.

“मग काळा खलाशी कोण?” असं म्हणून सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. त्यांची एकट्याचीच नव्हे. पुढच्या बाकावरच्या मुलीसुद्धा मान वळवून माझ्याकडेच बघत होत्या.

माझं नाव सुनीती. आडनाव गोरे. त्यावरून शाळेपासून जेवढे विनोद होण्यासारखे होते तेवढे होऊन गेले होते, नवा कुणाला सुचत नव्हता.

“मी पण नको, सर,” मी म्हटलं.

“तू का नको?”

“जोसेफचं जे कारण तेच.”

“पण त्याने कारण कुठे सांगितलं?”

“सांगायला लागतं का, सर?”

सर बिचारे घामाघूम झाले. तेवढ्यात मृणाल आगाशे उभी राहिली. मृणाल म्हणजे दुधात केशर, वर घारे डोळे. “सर, मी होते काळा खलाशी! मला असलं काही कुणी देतच नाही. बालवाडीपासून मी सीता, नाहीतर भारतमाता. कंटाळा आलाय.”

“आणि गोरा?”

“गोरे आहे ना,” जोसेफ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. “नाव आहे तिच्याकडे. आणखी काय पाहिजे?”

अशा रीतीने भूमिका ठरल्या. देवदूत आणि निवेदक खुद्द सर. त्यांना आमच्यापैकी कुणावर तेवढा विश्वास नव्हता.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई पोळ्या लाटत होती. “गोरा खलाशी?” तिने लाटणं थांबवलं. “म्हणजे तुला गोरं करणार?”

“मेकअपवाला येणार आहे म्हणे.”

आईने लाटणं बाजूला ठेवलं, हात पुसले आणि पाटावर बसून विचार करायला लागली. आई स्वतः चांगली गोरी. मी रंग बाबांचा घेतला होता आणि त्याबद्दल तिने बाबांना कधीच माफ केलं नव्हतं. माझ्या लहानपणाचा वास कुठला असं कुणी विचारलं तर मी डाळीचं पीठ आणि साय असं सांगेन. पुढे त्यात संत्र्याच्या सालांची पूड आली. स्थळांना पाठवायच्या माहितीत तिने ‘गहूवर्णीय’ असं लिहिलं, तेव्हा बाबा पेपरामागून म्हणाले, “गव्हाची ही कुठली जात ते एकदा शेतकी कॉलेजात विचारून घेऊ.” दोन दिवस त्यांना भाजीत मीठ नव्हतं. फोटो काढला तो तर स्टुडिओवाल्याने इतका उजळला, की त्यात मी कमी आणि ट्यूबलाईट जास्त दिसत होते.

त्या फोटोवर भाळून नाशिकच्या साठ्यांनी होकार कळवला होता, म्हणजे बघायला येण्याचा. मुलगा शशिकांत, इंजिनीअर. त्याची आई, साठेबाई, एका लग्नासाठी पुण्यात यायच्याच होत्या. त्या येणार म्हणून आईची झोप उडाली होती.

“त्यांना घरी नकोच बोलवायला,” आई हळूच म्हणाली. “गॅदरिंगला बोलवू. स्टेजवर दिवे असतात. तोंडाला रंग असतो. मुलगी कशी धीटपणे बोलते तेही दिसेल. आणि पहिलं मत एकदा चांगलं झालं की मग माणूस त्याच डोळ्यांनी बघतो.”

“आणि नंतर? दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशीचं दुसऱ्या दिवशी.”

“आई, अगं, खलाशी आहे मी. पॅन्ट घालून.”

“असू दे. गोरा आहे ना?”

पेपर हलला. “शशिकांतचा फोटो पाहिलास का तू?” बाबा मला म्हणाले. “माझ्याहून दोन हात पुढे आहे.”

“पुरुषाला शोभतो रंग,” आई म्हणाली. “आणि त्यांना पुढची पिढी सुधारायची आहे.”

तालमी सुरू झाल्या. कॉलेज सुटलं की आम्ही वर्गातली बाकं सारून जागा करायचो. जोसेफ फळ्यामागे उभा राहायचा आणि तिथून बोलायचा. त्याचा आवाज असा होता की सरांना देवाच्या बाबतीत आपली निवड चुकली नाही याबद्दल समाधान वाटायला लागलं. अडचण आली ती शेवटच्या कडव्याला. देव काळ्या खलाशाला म्हणतो:

उतरव येथे, उतरव बाळा, कृष्ण वसन हे कायेचे,
शुभ्र होउनी ये मजपाशी, दार खुले हे मायेचे!

“सर,” मी म्हटलं, “दोघं सारखेच आहेत ना?”

“तेच तर कवीला सांगायचंय!”

“मग काळ्यालाच का उतरवायला लावतात? गोऱ्याला काही उतरवायचं नाही?”

सर थबकले. “अगं, शुभ्र म्हणजे पांढरा नव्हे. शुभ्र म्हणजे प्रकाश. शुद्धता. देव म्हणजे प्रकाश.”

फळ्यामागून देवाने विचारलं, “सर, रात्री देव नसतो काय?”

“असतो की.”

“मला वाटलंच. ओटिएनो म्हणजे रात्री जन्मलेला. आमच्याकडे रात्री झालेल्या मुलाला असंच नाव असतं. तेव्हा तिथे देव नसता तर माझ्या आईचं कसं झालं असतं?”

मृणाल हसत सुटली. सर मात्र कळवळून म्हणाले, “जोसेफ, तो कवी त्याच्या काळातला सगळ्यांत मोठ्या मनाचा माणूस होता. लोक माणसं विकत होते तेव्हा त्याने हे लिहिलं.”

“हो, सर. माणूस चांगला आहे,” जोसेफ म्हणाला. “दार उघडलं त्याने. फक्त दारात सांगतो, आधी कपडे बदल.”

सरांनी ती ओळ बदलायला साफ नकार दिला. “अनुवाद म्हणजे मूळ कवीशी इमान,” ते म्हणाले. “आणि ‘कायेचे’ला ‘मायेचे’ जमायला मला एक अख्खी दिवाळीची सुट्टी लागली होती.”

तालमीनंतर आम्ही तिघं कोपऱ्यावर चहा प्यायचो. तिथे जोसेफ पुण्यातल्या गमती सांगायचा. पहिल्या वर्षी तो खोली शोधत होता. फोनवर खोली रिकामी असायची, तो दारात पोचेपर्यंत भरलेली असायची. पुण्यात खोल्या फार लवकर भरतात असं त्याला बरेच महिने खरंच वाटत होतं. एका घरमालकाने त्याला बघून, “आम्ही फक्त शाकाहारी लोकांना देतो,” असं सांगितलं. “मी म्हटलं, मी शाकाहारी होतो. तो म्हणाला, तसं नाही, जन्मापासून पाहिजे.” हे तो अशा सुरात सांगायचा की आम्ही पोट धरून हसायचो. मग जरा वेळाने हसू ओसरायचं आणि मृणाल आणखी तीन चहा सांगायची.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी मेकअपवाला दुपारीच आला. आईसुद्धा त्याच्यासोबतच आली म्हटलं तरी चालेल, कारण तो पेटी उघडायच्या आत ती रंगपटात हजर होती. “मानेलाही लावा हं,” ती त्याला म्हणाली. “आणि कानामागे. लोक कान बघतात.”

“बाई, खलाशाच्या कानामागे कोण बघतंय?”

“तुम्ही लावा.”

त्याने मला रंगवलं. आधी एक थर, मग दुसरा, मग वरून गुलाबी. आरशात बघून खरं सांगायचं तर मला क्षणभर आवडलं. सगळ्या जन्मात आई ज्या मुलीची वाट बघत होती ती आरशात बसली होती. आई मागे उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघ,” ती म्हणाली. एवढंच. आणि साठ्यांसाठी तिसऱ्या रांगेतल्या खुर्च्या धरायला निघून गेली.

शेजारच्या खुर्चीवर मृणालला काळं करणं चालू होतं. मेकअपवाल्याने कुठल्याशा डबीतलं काजळासारखं काहीतरी तिच्या तोंडाला फासलं होतं, ओठ लाल केले होते. घारे डोळे त्यातून असे चकाकत होते की स्वतःला बघून तीच दचकली.

जोसेफ आत आला तो हे बघून दारातच उभा राहिला.

“हा कोण?” त्याने मृणालकडे बोट दाखवून विचारलं.

“काळा खलाशी,” मेकअपवाला अभिमानाने म्हणाला.

जोसेफ वाकून, अगदी निरखून बघत राहिला. “असा माणूस मी कुठे बघितला नाही,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “आणि हा?”

“गोरा खलाशी,” मी म्हटलं.

“असा पण नाही बघितला.”

तो हसत नव्हता, रागावलाही नव्हता. खुर्ची ओढून बसला आणि आपल्या ओळी मनातल्या मनात म्हणायला लागला. पण त्याने मुद्दाम आमच्याकडे पाठ केली होती, एवढं मला दिसलं. मृणालने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. आरशात आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलेलो, एक पिठात घातलेली आणि एक कोळशात. आम्ही उठलो आणि मागच्या नळावर गेलो.

“अहो, हे काय!” मेकअपवाला धावत आला. “तुमची आई मला मारेल!”

“तुम्हाला नाही मारणार,” मी साबण घासत म्हटलं. “मला मारेल.”

रंग सहज निघाला नाही. मृणालचे गाल चोळून चोळून लाल झाले, माझ्या केसांच्या कडेला पांढरं राहिलं ते तिने माझ्याच रुमालाने पुसून काढलं. तेवढ्यात सर देवदूताचा झगा घालून आले. दोन स्वच्छ तोंडं बघून त्यांनी कपाळाला हात लावला. “अरे, मग लोकांना कळणार कसं, कोण कुठलं?”

“कवितेत देवदूतालाही कळत नाही, सर,” मृणाल म्हणाली.

पुढे बोलायला वेळ नव्हता. तिसरी घंटा झाली होती.

पडदा उघडला. निळे सदरे, निळ्या पॅन्ट आणि मध्ये एक फळी धरून आम्ही दोघी. मी प्रेक्षकांत बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि पहिली गोष्ट केली ती तिसऱ्या रांगेकडे बघण्याची. आई होती. तिच्या शेजारी जरीची साडी नेसलेल्या ठसठशीत साठेबाई आणि पलीकडे शशिकांत. आईचा चेहरा मला दिसला, आणि लगेच मी समुद्राकडे बघायला लागले.

जहाज बुडेपर्यंत लोक गप्प होते. बुडाल्यावर मागून एक पोरगा ओरडला, “सर, यातला गोरा कुठला?”

हशा पिकला. दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आलं, “कार्यक्रमपत्रिका बघ की!” मग पानं उलटल्याची फडफड. पत्रिकेत छापलं होतं, गोरा खलाशी: कु. सुनीती गोरे. काळा खलाशी: कु. मृणाल आगाशे. पत्रिका बघून लोक जास्तच गोंधळले. कुजबुज वाढली, कुणीतरी पैज लावली. सर झगा सावरत पुढे आले. त्यांची ओळ होती, “सांगा मजला, तुम्हां दोघांत कोण गोरा, कोण काळा?” ती त्यांनी अशा अगतिकपणे विचारली, की सभागृह कोसळलं. सरांना वाटलं सगळं संपलं. पण हसू विरलं आणि मग एक चमत्कारिक शांतता झाली. सगळ्यांना तोच प्रश्न पडला होता, आणि तो प्रश्न कसा दिसतो हे आता तिथे समोर उभं राहिलं होतं.

मग पडद्यामागून देवाचा आवाज आला. खोल, सावकाश. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. लोक हलायचे थांबले.

“उतरव येथे, उतरव बाळा...” देव म्हणाला आणि थांबला.

सर दचकून पडद्याकडे बघायला लागले. ओठांनी त्यांनी पुढची ओळ सुचवली, मग हळू आवाजात सुचवली, मग चांगली मोठ्याने, “कृष्ण वसन!” पुढच्या चार रांगांना ऐकू गेली. देवाला ऐकू गेली नाही.

“नको,” देव म्हणाला. “काही उतरवू नको. रंग राहू दे. चपला फक्त बाहेर काढ. पाय धू. आणि दोघं पण जेवायला चला. कधीपासून वाट बघते मी.”

‘बघते.’ देवाचं लिंगही चुकलं होतं.

एक क्षण कुणालाच काही समजलं नाही. मग पहिल्यांदा मागे एकजण हसला, आणि ते हसू अर्ध्यावरच थांबलं. मी आणि मृणालने खरोखरच पायांतल्या चपला काढल्या. दुसरं काय करावं ते आम्हाला सुचलं नाही. आणि आम्ही आत गेलो. पडदा पडला तेव्हा टाळ्या किती वेळ चालल्या ते मला सांगता येणार नाही, कारण माझं सगळं लक्ष सरांकडे होतं.

सर झग्याच्या बाहीने डोळे पुसत होते. “ही ओळ कवीची नाही,” ते जोसेफला म्हणाले.

“नाही, सर. थोरातमावशींची आहे. मी राहतो त्या घरातली मावशी. सगळ्यांनी नाही म्हटल्यावर मी त्यांच्या दारात गेलो, तर त्यांनी मला असं सांगितलं. आता रोज संध्याकाळी सांगतात. मला तुमची ओळ पाठ होती, सर, शपथ. पण देव कसा बोलतो ते आठवायला गेलो तर हेच आठवलं.”

“वृत्तात नाही बसत,” सर म्हणाले. मग जरा थांबून, “नाही बसत तर नाही बसत,” असं पुटपुटत ते दुसरीकडे बघायला लागले.

एवढ्यात रंगपटाच्या दारातून साठेबाई आत शिरल्या. मागे शशिकांत आणि सगळ्यांत मागे आई, पाय ओढत. साठेबाई थेट मृणालकडे गेल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“काय गं सुंदर दिसत होतीस! फोटोपेक्षा किती तरी छान. आम्हाला अगदी पसंत आहेस हो. शशी, बोल की काहीतरी.”

शशिकांत लाजून म्हणाला, “नाटक छान झालं.”

“मलाही पसंत आहेत हो हे,” मृणाल गंभीरपणे म्हणाली. “पण मी आगाशे. मी काळा खलाशी. सुनीती ही.”

साठेबाईंनी तिचे हात सोडले नाहीत, सोडायचे राहून गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या पत्रिकेकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. “पण इथे तर गोरा खलाशी...” मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाल्या, “अगं, मग तू मेकअप नाही का केलास?”

“केला होता,” मी म्हटलं. “धुतला.”

त्या आईकडे वळल्या. आवाज हळू करून, पण सगळ्यांना ऐकू येईल इतपतच हळू, म्हणाल्या, “अहो, फोटोत जरा वेगळी वाटली. म्हणजे, मुलगी वाईट नाही हो. आमचं तसं काही नाही. पण घरी विचार करावा लागेल. आम्ही कळवू तुम्हाला.”

हे वाक्य मी आधी तीनदा ऐकलं होतं आणि त्यावर आई काय म्हणते तेही मला पाठ होतं. ‘हो, हो, सवडीने कळवा.’ मी जमिनीकडे बघत त्याचीच वाट बघत होते.

“नको,” आई म्हणाली.

मी वर बघितलं.

“तुम्ही नका कळवू,” आई म्हणाली. तिने पदर खोचला. “आम्हीच कळवू. मुलगा आज पहिल्यांदाच बघितला आम्ही. घरी जाऊन विचार करावा लागेल.”

“मुलाचा?” साठेबाई म्हणाल्या.

“हो. म्हणजे, मुलगा वाईट नाही हो.”

शशिकांतने मान खाली घातली. मला तर वाटलं तो हसतोय, पण शपथ घेऊन सांगता येणार नाही. साठेबाई त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या. पुढे त्यांनी कळवलं नाही आणि आम्हीही नाही.

घरी जायला आम्ही रिक्षा केली. मी रागावणं ऐकायच्या तयारीत बसले होते. डेक्कनच्या पुलावर आल्यावर तिने माझ्या केसांतला उरलेला पांढरा रंग नखाने खरवडून काढला आणि म्हणाली, “त्या देव झालेल्या मुलाला रविवारी जेवायला बोलव. मांस चालणार नाही म्हणावं आपल्याकडे.”

रविवारी जोसेफ आला, इस्त्रीचा सदरा घालून. बाबांनी त्याला केनियात पाऊस किती पडतो इथपासून विचारायला सुरुवात केली. आई स्वयंपाकघरातून एकेक गरम पुरणपोळी आणून त्याच्या पानात वाढत होती. तिसऱ्या पोळीला तिला राहवलं नाही.

“तुमच्याकडे मुलीचं लग्न ठरवताना काय बघतात हो?” तिने विचारलं.

“गाई,” जोसेफ म्हणाला.

“गाई?”

“मुलाकडचे लोक मुलीच्या वडिलांना गाई देतात. मुलगी चांगली, तर गाई जास्त. पण आता सगळे नाही देत. माझी बहीण वकील आहे, तिने एक पण गाय घेऊ दिली नाही. वडील अजून रागावून आहेत.”

आई तूप वाढता वाढता थांबली. मुलाकडच्यांनी द्यायचं, ही कल्पना तिच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. मग तिने माझ्याकडे बघितलं, जोसेफकडे बघितलं, आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “समजा हं, नुसतं समजा. आमच्या सुनीतीसारखी मुलगी असेल तर? किती?”

“आई!” मी ओरडले.

जोसेफने हात थांबवला. विचारलेला प्रश्न त्याने मनापासून घेतला. माझ्याकडे नीट, गंभीरपणे बघितलं, बाबांकडे बघितलं, वर आढ्याकडे बघून काहीतरी हिशेब केला.

“बारा,” तो म्हणाला.

आईने तुपाची वाटी खाली ठेवली.

“बाराच?” ती म्हणाली. “अहो, एम.ए. होतेय ती.”